पूर्वेचं प्रस्थान

ऋजुताने विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली घेतली आणि माझं डोकं फिरलं. दोन वर्षांनी आलेली मुलगी, तीसुद्धा तीन आठवड्यांसाठी, आणि त्यातली शेवटची रात्र एक हॉटेलवाला खाणार.

"अगं आई, रविवारी पहाटेचं फ्लाइट आहे. मागच्या वेळी शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये काय झालेलं, विसरलीस? काउंटर बंद होता होता पोचलेले मी."

विसरले नव्हते. पण त्या वेळी निघेपर्यंत ती घरी होती. तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर जरा आडवी झाली होती आणि मी कारण नसताना दोनदा जाऊन पंखा कमी करून आले होते. मला या वेळीही तेवढंच हवं होतं. त्यात तिने तिकडे टोरांटोत घर घेतलं होतं. घर घेतलं की माणूस तिथलं होतं, हे मला कुणी सांगायला नको. आम्ही डोंबिवलीत ब्लॉक घेतला त्या वर्षापासून सासरच्या गावी पाहुणे झालो ते कायमचेच. त्यामुळे "आता परत कधी येशील?" हा एकच प्रश्न तिला विचारायचा होता, आणि तोच तीन आठवडे माझ्या तोंडून फुटत नव्हता. मागे विचारलं तेव्हा "बघू" म्हणाली होती. पुन्हा "बघू" ऐकायची माझी तयारी नव्हती.

"तुम्ही दोघं पण चला ना हॉटेलवर," ती म्हणाली. "तिघांचं बुकिंग केलंय."

आमच्या ह्यांची, म्हणजे विश्रामरावांची, अडचण वेगळीच होती. हे महापालिकेतून निवृत्त झालेले इंजिनियर. आयुष्यभर रस्ते आणि पूल बांधले, पण पंचांग बघितल्याशिवाय पायात चप्पल घालायचे नाहीत.

"रविवारी पश्चिमेला दिशाशूल आहे," हे म्हणाले. "त्या दिवशी त्या दिशेला निघू नये."

"बाबा, तिकीट काढलंय."

"तिकीट असू दे. आपण प्रस्थान ठेवू."

ऋजुता हसली, पण मला हे नवीन नव्हतं. आमच्या सासूबाई ठेवायच्या. चांगला दिवस बघून, जाणाऱ्याच्या कपड्यात सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ बांधायचे आणि ती पुरचुंडी जायच्या दिशेला आपल्या कुणाच्या घरी ठेवून यायची. माणूस घरीच असतं, पण शास्त्राने निघालेलं असतं. मग प्रत्यक्ष निघायच्या दिवशी वाटेत पुरचुंडी उचलायची आणि पुढे जायचं.

"मग हॉटेलच प्रस्थान धरा की," मी म्हटलं. "पूर्वी सुपारी ठेवायचे, आता अख्खी मुलगी ठेवा."

"हॉटेलात पैसे देऊन राहतात," हे गंभीरपणे म्हणाले. "प्रस्थान आपल्या माणसाच्या घरी ठेवायचं असतं."

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. पश्चिमेला आपलं माणूस कोण? तर माझी नणंद मधु, ती डोंबिवली पश्चिमेला राहते, मोठागावच्या बाजूला. झालं. गुरुवारी हे ऋजुताचा हातरुमाल घेऊन रिक्षाने पलीकडे गेले आणि आमची मुलगी टोरांटोला निघाली. निघालेली मुलगी त्या वेळी माझ्या ओट्याशी उभी राहून पातेल्यातली साय खात होती.

शनिवारी संध्याकाळी गाडी आली. ह्यांचा बेत पक्का होता: कोपर पुलावरून पश्चिमेला जायचं, मधुवन्संकडून पुरचुंडी घ्यायची आणि मोठागावच्या नव्या पुलावरून थेट ठाण्याला निघायचं. ड्रायव्हरने मोबाइल बघितला आणि मान हलवली.

"काका, कोपर पूल पॅक आहे. वरात घुसलीय बहुतेक. शिळफाट्याने काढतो, आज रिकामा दाखवतोय."

"अहो, पण आम्हाला पश्चिमेला..."

"काढा शिळफाट्याने," ऋजुता म्हणाली. "बाबा, प्लीज. एका सुपारीसाठी नको."

हे पुढच्या सीटवर बसले होते. ऐरोली आली तेव्हा खिडकीकडे बघतच म्हणाले, "पुरचुंडी मागे राहिली की जाणाऱ्याचं मन मागे रेंगाळतं."

मला त्यांची दया आली, पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटलं. रेंगाळू दे की जरा. मी तर केव्हाची त्याचीच वाट बघत होते.

हॉटेल झकपक होतं. दार कार्डाने उघडायचं, दिवेही तेच कार्ड खोचल्यावर लागायचे. न्हाणीघराला खोलीच्या बाजूने चक्क काचेची भिंत होती. ती बघून हे दारातच थांबले.

"ही कुणाची अक्कल?"

"पडदा आहे बाबा, बटणाने खाली येतो," ऋजुता म्हणाली आणि तिने बटण दाबलं. पडदा अर्ध्यावर येऊन अडकला. हे हात-पाय धुवायला खाली लॉबीत गेले.

मी घरून डबा आणला होता: पोळ्या, बटाट्याची भाजी, गुळाच्या वड्या आणि स्टीलच्या डबीत विरजलेलं दही. पलंगावर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो. खिडकी उघडत नव्हती, पण विमानं दिसत होती, एकामागून एक खाली उतरणारी. येणारी किती, जाणारी किती, काही कळायला मार्ग नव्हता. मी मनातल्या मनात सगळी येणारीच धरली.

"आई, वड्यांना आजीची चव आलीय," ऋजुता म्हणाली.

"तिकडे गूळ मिळतो ना? कर की."

"मिळतो. पण मी केल्या की त्या नुसत्या गुळाच्या वड्या होतात."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. मी तिच्या केसांतून हात फिरवू लागले. कानामागे दोन पांढरे केस दिसले. माझ्या मुलीचे केस पिकायला लागले होते आणि मला ते एका परक्या खोलीत कळत होतं. आता विचारावं, असं वाटलं. परत कधी येशील? शब्द अगदी ओठांवर आले.

"येताना विमानात धरलेली पाठ अजून दुखते का गं?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने ह्यांना हाक मारली. "बाबा, प्रस्थान कुठल्या दिशेला ठेवायचं म्हणालात?"

"जायचं त्या दिशेला." ह्यांचा राग अजून गेला नव्हता.

"आणि ते ठेवलं की माणूस निघालं?"

"निघालं. पण मुदत असते. थोडे दिवस चालतं, मग ते प्रस्थान मोडतं."

"हं," ती म्हणाली आणि बोलता बोलता झोपली. पांघरूण जाड होतं, तरी मी ते दोनदा नीट केलं. पंखा नव्हताच.

पहाटे हॉटेलची बस लॉबीच्या दारात उभी राहिली. विमानतळावर येऊ नका, असं तिने बजावलं होतं. तिथे म्हणे काचेच्या पलीकडे हात हलवत उभं राहावं लागतं आणि तिला ते बघवत नाही. मी दह्याची डबी उघडली आणि तिच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. रिसेप्शनवरची मुलगी कौतुकाने बघत होती. ऋजुताने दही चाटलं, हात माझ्याच पदराला पुसला आणि आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला.

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा, एक काम कराल?" ती म्हणाली. "मधुआत्याकडची ती पुरचुंडी आज घरी घेऊन जा. आपल्या घरी."

"आता काय उपयोग? तू तर चाललीस."

"जायच्या दिशेला ठेवतात ना? मी तिकडून येणार ते पूर्वेला येणार. आपण डोंबिवली पूर्व. घरही आपल्याच माणसांचं आहे." तिने बॅग उचलली. "म्हणजे मी यायला निघाले. चालतं का बघा पंचांगात."

बस सुरू झाली होती आणि ड्रायव्हर हाक मारत होता. ती चढली, खिडकीशी बसली आणि बस रस्त्याला लागेपर्यंत आमच्याकडे बघत होती. माझा प्रश्न मी शेवटपर्यंत विचारला नाही. ती "बघू"ही म्हणाली नाही.

उजाडल्यावर आम्ही गाडी मागवून निघालो. ह्यांनी ड्रायव्हरला आधीच बजावलं, काहीही झालं तरी मोठागावच्या पुलावरून. मधुवन्संनी चहा टाकला होता, तो न पिता हे देवघरासमोरची पुरचुंडी घेऊन खाली आले. रविवारी पूर्वेला दिशाशूल नाही; हातरुमाल मांडीवर ठेवून ह्यांनी कोपर पूल ओलांडला आणि आम्ही पूर्वेला आलो. घरी आल्यावर हे ऋजुताच्या खोलीत गेले आणि पुरचुंडी तिच्या टेबलावर ठेवली. मी तिच्या पलंगावर बसून मनसोक्त रडले. मला कुणी गप्प केलं नाही, ते बरं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळी तिची खोली झाडायला गेले, तर हे टेबलापाशी उभे. पंचांग उघडं होतं. हातरुमालाची गाठ सोडून ह्यांनी तांदूळ बदलले, सुपारी पुसली, पुन्हा गाठ मारली. मग पुरचुंडी घेऊन दाराबाहेर गेले, जिन्यात क्षणभर थांबले आणि आत येऊन ती पुन्हा टेबलावर ठेवली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"मुदत संपली होती," हे म्हणाले. "नवीन ठेवलं."

आता ते आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी होतं. तांदूळ बदलायची वेळ झाली की मीच वाटी भरून टेबलावर ठेवते.