शिरगोळ्याची वाळू

शाळेचं दार उघडून नागोराव काचेच्या टाकीपाशी आला आणि जागीच थिजला. पाणी ताकासारखं पांढुरकं झालं होतं. सोनेरी मासे वर येऊन तोंडं वासत होते, आणि तळाशी लोळणारी मिशाळ शिंगटी कोपऱ्यात अंग आखडून पडली होती.

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरल्यापासून हैदराबाद शहरातल्या हिमायतनगरच्या त्या शाळेत, मुंबई राज्यात पाठवायच्या मराठी नोकरांची यादीच लागली होती. विज्ञानाचे भगवंतराव मास्तर टाकी नागोरावाच्या हवाली करून औरंगाबादला गेले. नागोराव प्रयोगशाळेचा शिपाई. मूळचा नांदेडकडचा, पण बावीस वर्षं इथंच रुळलेला, आणि त्याचंही नाव यादीत होतं. त्याला जायचं नव्हतं. नव्या तेलुगू मुख्याध्यापिका पद्मावतीबाईंनी ‘हा माणूस शाळेला हवा’ असं लिहून दिलं तर नाव निघण्यासारखं होतं. पण बाई त्याला पुरत्या ओळखतही नव्हत्या.

आज साहेब तपासणीला येणार होते. टाकी झकपक दिसली की आपण बाईंच्या नजरेत भरू, असा बेत करून या शहाण्यानं काल तळाची जुनी वाळू काढून फेकली. बायको केसरबाई रांगोळीसाठी शिरगोळ्याचे पांढरे दगड घरी ठेवायची, तेच कुटून त्यानं तळाला पसरले. दारात शोभते ती रांगोळी पाण्यात का शोभणार नाही?

आता मासे मेले तर आपलंही बिऱ्हाड उठलं, हे त्याला कळून चुकलं. भगवंतराव मासे आजारीच सोडून गेले होते, असं सांगता आलं असतं. त्या दिवसांत गेलेल्या माणसाच्या माथी सगळंच मारलं जायचं. नागोरावाच्या ओठांवर ते आलंही. पण मास्तरांचा चेहरा आठवला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. बाई येताच तो हात जोडून उभा राहिला.

“मैंच डाला, बाई. रांगोळी का पत्थर. गलती मेरीच है.”

बाईंनी ओंजळभर चुरा काढला, बोटांत चोळून पाहिला आणि फळीवरच्या बाटलीतलं आम्ल त्यावर टाकलं. चुरा फसफसला. यात चुना आहे, तो पाणी बिघडवतो, आणि कुटलेल्या दगडाच्या धारेनं शिंगटीच्या मिशा कापतात, हे त्यांनी शांतपणे समजावलं. मग त्यांना हसू आलं.

“ये तो हमारा मुग्गू है, नागोराव. हमारे घर में बी येच डालते, दरवाजे के सामने. मैं बी येच करती थी.”

मासे घागरीतल्या शिळ्या पाण्यात गेले. शेजारी घर बांधत होते, तिथून नागोरावानं मुसी नदीची वाळू मागून आणली. आम्लाचा थेंब टाकला तर एक बुडबुडा नाही, आणि कणही गोल. ती तो धूत बसला. साहेब आले तेव्हा टाकी रिकामी, आणि नागोराव कोपरापर्यंत चिखलात. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र काम चालू आहे एवढंच सांगितलं, आणि साहेबही पुढच्या वर्गाकडे वळले.

बाराव्या पाण्याला वाळू नितळ झाली. दुपारी मासे टाकीत सोडले. शिंगटी जरा घुटमळली, मग मिशा वाळूत खुपसून निवांत चरू लागली. नागोरावाचा जीव भांड्यात पडला.

शाळा सुटताना बाईंनी बोलावून कागद वाचून दाखवला. ‘हा माणूस शाळेला हवा.’ खाली सहीसुद्धा झाली होती.

“दूसरा कोई होता तो मास्टर का नाम लेता,” त्या म्हणाल्या.

घरी त्यानं सगळं सांगितलं. केसरबाई ऐकत राहिली, मग महिनाभर बांधून ठेवलेलं गाठोडं सोडून एकेक भांडं पुसून फळीवर लावू लागली. समोरचं देवरावांचं बिऱ्हाड त्याच आठवड्यात गेलं होतं. त्यांच्या दाराला कुलूप होतं.

“आता या गल्लीत मराठी बोलाया कोन ऱ्हायलं गं?” नागोराव म्हणाला.

“तुमी हाईत की,” ती म्हणाली, आणि शेवटचा तांब्या पुसायला घेतला.