दलदलीवरचं सातवं वळण

हल्लाम्यूरच्या दलदलीवर मोटरसायकल शर्यतींचा ट्रॅक बांधून झाला, तेव्हा सातव्या वळणाखाली काय आहे हे एकट्या इंजिनियर रुनेला माहीत होतं. बाकी सगळीकडे त्यानं खडक लागेपर्यंत चिखल उपसून मुरूम भरला होता. सातव्या वळणाच्या आतल्या बाजूला खडक लागेचना. बर्फ पडायचे दिवस तोंडावर आले होते. त्यानं ओंडके आणि झाडांच्या साली टाकल्या, वरून डांबर ओतलं आणि तोंड मिटून घेतलं.

मे महिन्यात पहिली चाचणी झाली. दुपारचं लख्ख ऊन. ट्रॅकवर एकटा स्वेर्कर, गावातला सगळ्यात वेगवान गडी. क्लबची चिटणीस हिल्डुर स्टॉपवॉच घेऊन रुनेशेजारी उभी होती. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, "दोन गाड्या वाजतायत."

"जंगलात आवाज घुमतोय."

"घुमलेला आवाज मागाहून येईल ना? हा दुसरा स्वेर्करच्या पुढे आहे."

रुनेनं कान दिला. झाडांपलीकडे एक इंजिन वळणाशी मंदावलं, मग दुसरं. समोरून गेला मात्र एकटा स्वेर्कर.

पाचव्या फेरीनंतर स्वेर्कर थांबला. "माझ्यापुढे कुणाला सोडलंत?"

"कुणालाच नाही," रुने म्हणाला.

"थट्टा पुरे, साहेब. करड्या जाकिटातला. सातव्या वळणाला दर खेपेस बाहेरून जातो आणि हात हलवून मलाही बाहेर काढतो. वाटलं, आत तेल सांडलंय."

हिल्डुर हसू लागली.

रुने पहार घेऊन वळणावर गेला. नव्या डांबरावर वेगवेगळ्या टायरच्या दोन रेघा होत्या, दोन्ही बाहेरच्या कडेनं. आतल्या बाजूला त्यानं पहार मारली. ती डांबर फोडून हातातून निसटली. खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही.

हिल्डुर मागून आली तेव्हा तो खाली बसला होता. त्यानं सगळं सांगून टाकलं.

"आणखी कुणाला ठाऊक होतं?"

"मला एकट्याला."

"एकट्याला कसं?" रेघांकडे बघत ती हळूच म्हणाली.

त्या वर्षीची शर्यत रद्द झाली. सातवं वळण खोदलं, तेव्हा अकरा मीटरवर खडक लागला. चिखलात ना गाडी सापडली, ना माणूस. क्लबनं रुनेला काढलं नाही, पण बाकीची वळणं हिल्डुरनं त्याच्यादेखत खोदून तपासली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये शर्यत झाली, तिच्यात स्वेर्कर तिसरा आला आणि कार्बोरेटरच्या नावानं बोटं मोडत बसला. त्या करड्या जाकिटातल्याबद्दल एवढंच बोलला, की पहिल्या फेरीत आपण त्याला शोधत होतो.