एक्केचाळिसावी कुंडी

नव्या हिशेब-नियमाने आमच्या ऑफिसात सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. भाड्याने घेतलेली प्रत्येक वस्तू आता ताळेबंदात दाखवायची होती. जागा, गाड्या, झेरॉक्सची मशीनं, सगळं. यादी करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण मी कुरकुर करते, पण काम संपवते.

शेवटी उरल्या कुंड्या, एक्केचाळीस. माळीकाका त्या भाड्याने देतात. नियम सोपा होता. मालक वस्तू हवी तेव्हा बदलत असेल, तर ती नुसती सेवा, यादीतून बाद. ठरावीक तीच वस्तू आपल्याकडे राहत असेल, तर ते भाडं. करारात स्वच्छ लिहिलं होतं, ‘दर महिन्याला सर्व कुंड्या बदलल्या जातील.’

सर्व? मी ती ओळ पुन्हा वाचली.

त्यांतल्याच एका कुंडीतला, माझ्या टेबलाशेजारच्या खिडकीतला मनीप्लांट ताईंनी वाढवलेला. ताईंनी मला हाताला धरून काम शिकवलं, माझ्या चुका स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि दोन वर्षांपूर्वी आजारपणात त्या गेल्या. त्यांच्या हाताचं एवढंच मागे उरलं. मी त्याला रोज पाणी घालते, आसपास कुणी नसलं की बोलतेही. वेडी म्हणायचं तर म्हणा. पण झाड दर महिन्याला बदलत असेल, तर मी दोन वर्षं बोलत होते कुणाशी?

काका कुंड्या बदलायला रविवारी येतात, ऑफिस बंद असताना. त्या रविवारी मी मुद्दाम गेले.

“काका, खरं सांगा. हीपण बदलता?”

ते फडक्याने पान पुसत राहिले. “कागदावर बदलतो, मॅडम.”

“म्हणजे?”

“सकाळी खाली नेतो, दिवसभर उन्हात ठेवतो, संध्याकाळी तीच वर आणतो. ताईंनी बजावलं होतं, हिला हलवू नका, शेजारची पोरगी एकटी पडेल.”

पोरगी म्हणजे मी. तेव्हा पंचेचाळीस वर्षांची. मला एकदम भरून आलं.

“एकदाच फसवलं तुम्हाला,” काका ओशाळून म्हणाले. “तुम्ही रजेवर होता तेव्हा हिने मान टाकली. घरी नेऊन जगवली. तीन आठवडे इथे दुसरीच होती.”

“आणि मला कळलं नाही?”

“कुठलं! तिच्याशीही बोलत होता म्हणे. वॉचमन सांगत होता.”

मी रडता रडता हसले. म्हणजे सगळ्या ऑफिसला माहीत होतं!

सोमवारी साहेबांनी यादी वाचली. “चाळीस कुंड्या सेवा, आणि एक भाड्याची? ही वेगळी का?”

“ती काका बदलत नाहीत, साहेब.”

“मुदत तेरा वर्षं?”

“माझी नोकरी तेवढीच उरली आहे.”

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. त्यांनाही हिशेब ताईंनीच शिकवला होता. काही न खोडता त्यांनी सही केली.

मी जागेवर येऊन पाणी घातलं. आसपास सगळे होते, तरी मोठ्याने म्हणाले, “ताई, तेरा वर्षांची सोय झाली बरं का.”