ळ हरवला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. मजकुराचे मी उठावदार ठिपके करतो. ज्यांना दिसत नाही, ते मला बोटांनी वाचतात. एका बाबांनी आपल्या अंध लेकीसाठी मला जेवणाच्या टेबलावर लिहिले. लेक तेव्हा सात वर्षांची होती आणि गोष्टींसाठी घर डोक्यावर घेई.

बाबांनी मला परवाना जोडला: 'वापरा, आत डोकावा, बदला, वाटा. मात्र बदलून पुढे द्याल, तर प्रोग्रॅमच्या ओळींचे बदललेले लिखाणही द्या.' वर घाईघाईत मथळा टाकला, 'फुकट प्रोग्रॅम'. बाबांचे गणित पक्के, शब्द मात्र कच्चे. त्या एका शब्दाने पुढे माझा घात केला.

मी शाळाशाळांतून फिरलो. कोणी कौतुक केले, कोणी चुका काढून सुधारल्याही. लेक मोठी होऊन अंध मुलांच्या शाळेत शिकवू लागली; सगळे तिला ताई म्हणत. मग ठिपके छापणारी यंत्रे विकणाऱ्या एका गृहस्थांनी मला थोडे बदलले, आपल्या यंत्रात कुलूपबंद केले आणि ते यंत्र ताईंच्या शाळेला भेट दिले. माणूस वाईट नव्हता. त्याने फक्त मथळा वाचला होता.

त्या बदलात माझा 'ळ' हरवला. त्याच्या जागी 'ल' उमटू लागला. मुले 'बाळ'ला 'बाल' वाचू लागली, तसेच लिहूही लागली. मला फार लाज वाटे. बाबांकडून माझ्या ओळी शिकलेल्या ताईंना दुरुस्ती ठाऊक होती, पण आत शिरायला वाट नव्हती. आणि परीक्षा आठ दिवसांवर आलेली!

ताईंनी यंत्रवाल्यांना फोन लावला.

"अहो, फुकट दिलंय ना?" ते हसले. "धर्माची गाय, आणि दात का गं नाय?"

"दात नाही मोजत हो, दावं तेवढं सोडा. मथळ्याखालचा परवाना वाचलात का?"



"नाही बुवा. फुकट दिसलं, तिथंच थांबलो."

दुसऱ्याच दिवशी बदललेले लिखाण आले. संगणक ओळी वाचून दाखवत होता. ताईंनी एक ओळ दुरुस्त केली आणि माझा 'ळ' परत आला. मग बाबांचा मथळा खोडून त्यांनी लिहिले, 'मोकळा प्रोग्रॅम'. तो मथळा ठिपक्यांत छापलेला कागद वर्गात फिरला.

"ताई, मोकळा म्हणजे फुकटच ना?" एका मुलीने विचारले.

"फुकटचं बिघडलं तर गप्प बसावं लागतं. मोकळं असलं की आपल्याला दुरुस्त करता येतं."

मित्रांनो, मला फुकट नेलेत तरी माझा राग नाही. पण कुलूप घालू नका, आणि परवाना शेवटपर्यंत वाचा. कुलपात होतो तेव्हा 'मोकळा' हा शब्दसुद्धा मला नीट लिहिता येत नव्हता. 'मोकला' असाच उमटायचा.