धुतलेली वाळू

आक्काच्या भावाला स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते उभ्या जन्मात ठाऊक नव्हतं. भाजी अळणी झाली की तो ताटावर बसूनच "मीठ!" म्हणून हाक मारी आणि मीठ चालत त्याच्यापर्यंत येई. निवृत्त झाल्यावर मात्र हाच माणूस रोज सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, हॉलमधल्या काचेच्या टाकीतल्या पाण्याचा खारटपणा मोजू लागला होता. यंत्राच्या काचेवर थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, एक डोळा मिटायचा, श्वास रोखायचा. देवापुढे कधी एवढा एकाग्र झाला नसेल मेला, असं आक्काच्या मनात येई.

आणि मनातलं मनात ठेवायची आक्काला सवय नव्हती. "देवानं समुद्र केला तेव्हा त्याच्याकडे असलं यंत्र नव्हतं रे," ती म्हणाली. "तरी बरा जमलाय की."

"आक्का, तुला ह्यातलं काही कळत नाही."

"तेही खरंच. मला आपलं भाजीपुरतंच मीठ कळतं."

गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आक्का भावाकडे राहायला आली होती. जिना चढायचा नाही, तेव्हा तिची खाट हॉलमध्येच, टाकीच्या बरोबर समोर टाकलेली. पाय उशीवर, नजर टाकीवर. दुसरं काही बघावं म्हटलं तर मान वळवायला लागे, आणि मान तरी किती वेळ वळवणार?

टाकी बघण्यासारखी होती, नाही कशाला म्हणा. निळसर दिवे, जांभळट खडक, बुडबुड्यांचा मंद आवाज. आणि तळाला ती वाळू! दवाखान्यातल्या नव्या चादरीसारखी पांढरीफेक. भाऊ जन्मभर औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होता. एका गोळीवर डाग दिसला की अख्खी खेप परत फिरवायचा. कारखाना सुटला, डाग हुडकायची खोड काही सुटली नाही. दर रविवारी तो नळीनं तळाची वाळू बादलीत ओढून घेई, मोरीत नळाखाली तांदळासारखी चोळून धुई, पाणी नितळ येईपर्यंत धुई आणि पुन्हा टाकीत पसरी. नेसत्या धोतराचा काठसुद्धा ज्यानं कधी स्वतः धुतला नाही, तो समुद्राचा तळ धूत होता!

ह्या वाळूसाठीच त्यानं तो मासा आणलेला. जेमतेम वीतभर, पांढरट, अंगावर नारिंगी ठिपके, डोळे डोक्यावर चढलेले. तो तोंडभर वाळू घेई, चघळल्यासारखं करी आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांतून भुरभुर सोडून देई. जरा पुढं सरके, पुन्हा घास. दिवे लागल्यापासून मालवेपर्यंत हाच उद्योग.

"बिनपगारी झाडूवाला!" भाऊ येईल त्याला सांगे. "वाळू चाळतो, त्यातच त्याचं पोट भरतं. खायला घालायची भानगडच नाही." ह्याच्या आधीचे दोन झाडूवाले मेले, हे मात्र तो आपणहून सांगत नसे. कुणी विचारलंच तर "मालच खराब होता," एवढं म्हणून विषय बंद.

आक्कानं माशाचं नाव ठेवलं हावऱ्या.

"चरतंय बघ सारखं," ती भावजयीला म्हणायची. "माझे थोरले दीर असेच होते. एकदा ताटावर बसले की उठायचं नाव नाही. तरी ते वाळू तरी खात नव्हते."

"वन्सं, पुरे!" भावजय हसता हसता निवडायची भाजी मांडीवरून सांडायची.

असे बरेच दिवस आक्कानं भावाला आणि माशाला एकाच तोंडानं नावं ठेवण्यात मजेत घालवले. मग एका दुपारी हावऱ्या काचेला अगदी लागून आला आणि अंग तिरकं करून वळला. खिडकीतून ऊन आत आलं होतं. आक्का टोमणा मारायला तोंड उघडणार, तो तिचं लक्ष त्याच्या पोटाकडे गेलं. पोट नव्हतंच. पोटाच्या जागी खळगा होता. डोकं तेवढं मोठं, आणि मागं पाठ म्हणजे सुरीची धार. घास घेताना गाल फुगत होते म्हणून इतके दिवस तो भरल्या अंगाचा वाटला होता.

"अगं, इकडे ये," आक्का म्हणाली. तिचा आवाज ऐकून भावजय हातातलं भांडं ठेवूनच आली. "हा हावरट नाही गं. हा उपाशी आहे. दिवसभर ताट चाटतोय आणि ताटात काहीच नाही."

भावजय बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दुकानदारानं सांगितलं होतं ह्यांना. वाळूत बारीक बारीक जीव असतात, ते ह्याचं खाणं. नळाखाली धुतली की ते मरतात. वरून कोळंबी द्या म्हणाला होता. ह्यांनी त्याचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही."

आक्कानं दुकानदाराला फोन लावायला लावला.

"आजी, मी दोनदा सांगून थकलो," दुकानदार मजेत म्हणाला. "त्यांना वाळू पांढरी पाहिजे. धुवू देत. चौथा हवा असेल तर माझ्याकडे आहे."

"तुझं दुकान चालायला माझ्या भावासारखीच माणसं पाहिजेत बाबा," आक्का म्हणाली आणि फोन ठेवून दिला. थट्टा आपणही केली होती, तीही भुकेल्याची, हे आता तिला बोचू लागलं. संध्याकाळी भाऊ फिरून आल्या आल्या तिनं तोंड सोडलं.

"अरे शहाण्या, तुझा झाडूवाला मरायला टेकलाय. त्याला खायला घाल, आणि ती वाळू धुणं बंद कर!"

"दिवसभर त्याचं तोंड चालू आहे, आणि उपाशी?" भाऊ हसला. "डोळे आहेत ना तुला?"

"मला आहेत. तुझे त्या यंत्राला चिकटलेत."

"रविवारी आमच्या मंडळाची माणसं यायचीत टाकी बघायला. डॉक्टर स्वतः येतायत. वाळूवर ठिपका दिसता कामा नये." आणि तो आत निघून गेला. आक्का जितकी बोलली तितका तो आणखी ताठ झाला. लहानपणापासून त्याचं हे असंच.

भावजयीनं दुकानातून गोठवलेल्या बारीक कोळंबीचं पाकीट आणलं आणि बर्फाच्या भांड्यामागे लपवलं. एकदा भाऊ आंघोळीला गेल्यावर थोडी टाकलीही. पण हावऱ्याचं लक्ष जायच्या आत भाऊ बाहेर आला, त्याला वाळूवर गुलाबी कण दिसला, आणि ओल्या अंगानं, टॉवेल सावरत, त्यानं तो नळीनं ओढून घेतला. "माझ्या टाकीत घाण कुणी केली?" अशी गर्जना झाली. त्यानंतर तो टाकीसमोरून हलेना. निवृत्त माणसाला दुसरं काम काय?

रविवारी सकाळी वाळू पुन्हा मोरीत गेली. परत आल्यावर हावऱ्या एका कोपऱ्यात टेकून बसला. घास घेणंही त्यानं सोडलं होतं. नुसते कल्ले हलत होते.

दुपारी मंडळाची माणसं आली. खाऱ्या पाण्याच्या टाक्या घरी ठेवणाऱ्यांचं हे मंडळ. दातांचे एक डॉक्टर त्याचे अध्यक्ष, आणि त्यांच्या मागोमाग माना डोलावणारे दोघे. चहा झाला. वाहवा झाली. भाऊ फुगून दुप्पट झाला. मग डॉक्टर खाली वाकले, रुग्णाच्या जबड्यात बघावं तसे कोपऱ्यात बघू लागले, आणि म्हणाले, "हा फारच बारीक दिसतोय हो."

भावाचे कान लाल झाले. "त्याचं काय आहे, माल मुळातच..."

आता भाऊ हे वाक्य पुरं करणार, मासा आज-उद्या मरणार आणि चौथा येणार, हे आक्काला लख्ख दिसलं. शिव्या देऊन झाल्या होत्या. त्यांनी भाऊ तसूभर हलला नव्हता. राहिलं होतं एकच, आणि ते तिच्या जिवावर येत होतं. तिनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि तोंडात साखर घेतली.

"डॉक्टर, तो आपल्या तोंडानं सांगायचा नाही, लाजतो," आक्का म्हणाली. "मासा दुकानातूनच उपाशी आला. माझ्या भावानं बरोब्बर ओळखलं. वाळू धुतली की त्यातलं खाणं मरतं, हे त्याचं त्यानं शोधून काढलं. आजचं धुणं शेवटचं. म्हणाला, वाळू काळी पडली तरी चालेल, जीव जगला पाहिजे. कोळंबीसुद्धा आणून ठेवलीय. अगं, आण बघू ती!"

भावजय पाकीट घेऊन इतक्या चटकन आली की दाराशीच उभी असावी.

भावानं बहिणीकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणत होते, "वा! हे आमच्यातल्या निम्म्यांना कळत नाही हो."

झालं! भाऊ खाकरला. "निम्म्यांना? पाऊण म्हणा," तो म्हणाला. "लोकांना नुसती पांढरी वाळू पाहिजे. अरे, वाळू ही जिवंत असते!" आणि मग त्यानं जे प्रवचन लावलं, ते ऐकताना आक्कानं गुडघ्याखालची उशी दोन्ही हातांनी आवळून धरली. आदल्या आठवड्यात तिनं त्याला सुनावलेला शब्द न् शब्द तो तिच्याच डोळ्यांदेखत स्वतःचा म्हणून खपवत होता, आणि वर त्या दोघांच्या माना डोलत होत्या.

बोलता बोलता त्यानं लांब नळीच्या पिचकारीत बर्फ सुटलेली कोळंबी भरली आणि नळी खाली नेली. पहिली कोळंबी हावऱ्याच्या नाकावरून वाहून गेली. दुसरी गेली. तिसरी समोरच वाळूवर पडली. तो बराच वेळ नुसता बघत होता. मग वाळूसकट त्यानं ती उचलली. कल्ल्यांतून वाळू भुरभुरली. कोळंबी बाहेर आली नाही.

भावजयीनं डोळे पुसले. डॉक्टरांना वाटलं, नवऱ्याच्या कौतुकानं.

मंडळी गेल्यावर भाऊ पिचकारी नळाखाली धुऊन आक्काच्या खाटेशी आला. "मी संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा तूच घालत जा त्याला," तो म्हणाला. "पण नीट शिकून घे. नळी तिरकी धरायची, आणि घाई करायची नाही. तुझ्यात धीर म्हणून नाही, आक्का."

आक्काच्या जिभेवर उत्तर आलं. अस्सं खमंग उत्तर की जन्मभर पुरलं असतं. पण एकदा का हा रुसला, की बादली पुन्हा मोरीत. तिनं ते उत्तर आवंढ्यासरशी गिळलं आणि हात पुढे केला.

"दाखव बाबा," ती म्हणाली, "कशी धरायची."