विहिणीचे पाय

मंगतायारूनं विहिणीचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि पंचाच्या टोकानं बोटांच्या बेचक्या पुसायला सुरुवात केली. एक बेचकी, मग दुसरी, अगदी सावकाश. ओल राहिली की पट्ट्या चिकटत नाहीत, हे कारण होतंच. पण ओटीवर जमलेल्या बायकांना सगळं नीट दिसायलाही हवं होतं.

"बघा हं वदिना," ती मान वर न करता विहिणीला म्हणाली, "टाचा राहिल्या असतील तर सांगा."

दाराला टेकलेली नागरत्नम खुदकन हसली आणि हसू पदरात कोंबायचा तिनं जो प्रयत्न केला तो हसण्यापेक्षा मोठ्यानं ऐकू आला. वेताच्या खुर्चीत बसलेल्या विहीणबाईंनी, बुल्लेम्मांनी, समोरच्या नारळाच्या झाडाकडे पाहिलं. नारळ मोजत असल्यासारखं.

आमच्या गोदावरीच्या कालव्याकाठी माणसाचं नाव आईबाप ठेवतात आणि गाव ते दुरुस्त करतं. मंगतायारूचं नाव मुलीच्या लग्नात दुरुस्त झालं. मुलीच्या आईनं वरमाईचे पाय पितळी परातीत धुवायचे, असा रिवाज. तिनं धुतले. बुल्लेम्मांनी पाय उचलून पाहिला आणि भरल्या मांडवात म्हणाल्या, "टाचा राहिल्या." तिनं पुन्हा धुतले. "टाचा राहिल्या." तिसऱ्या खेपेला सनईवालाही थांबला, की हे नक्की काय चाललंय, आणि त्या शांततेत परातीतल्या पाण्याचा आवाज शेवटच्या पंगतीपर्यंत गेला म्हणतात. मुहूर्त टळला नाही, पण त्या दिवसापासून ती टाचा-मंगतायारू झाली. पोस्टमन त्या नावानं हाक मारायचा. देवळामागच्या पोपटानंसुद्धा ते नाव उचललं. तो मेला त्या दिवशी मंगतायारूनं मारुतीला नारळ फोडला, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मुलीला, सुभाषिणीला, त्या घरात काही कमी पडलं नाही. सून म्हणून तिला बुल्लेम्मांनी तळहातावर ठेवलं. त्यामुळे तर पंचाईत. राग काढायला दुसरं काही निमित्तच सापडेना. अखेर ते साखरेनं दिलं.

दोघींनाही साखरेचा आजार. मंगतायारूचे पाय आधी जळायला लागले. तळव्याखाली निखारे पसरून ठेवल्यासारखे. अमलापुरमच्या डॉक्टरांनी तिला करंटचं छोटं मशीन लावून दिलं, दोन तारा आणि चार चिकट पट्ट्या. मुंग्यांची फौज सोडायची आणि निखारे विझवायचे, असा त्याचा हिशेब. तिला गुण आला. मग बुल्लेम्मांचे पाय पेटले आणि त्यांनी सुनेकरवी विचारलं, की ते मशीन आम्हालाही लावून बघता येईल का?

"येईल की," मंगतायारूनं कळवलं. "पण मशीन माझा उंबरा ओलांडत नाही. वदिनांनी यावं."

वरमाईनं स्वतःची गरज घेऊन मुलीच्या माहेरी यायचं, हे आमच्याकडे नाक घासण्यासारखंच. बुल्लेम्मा येणार नाहीत, असं सगळं गाव म्हणालं. त्या आल्या. रिक्षातून उतरून, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, कापसावरून चालल्यासारख्या.

मंगतायारूनं लग्नात हजर असलेल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बायका गोळा केल्या होत्या. तिला फार काही नको होतं. याच बायकांसमोर, एकदाच, बुल्लेम्मांच्या तोंडून "अय्यो" निघायला हवं होतं. तेवढं झालं की तिचं नाव सुटलं असतं.

"आधी तोंड गोड करा," म्हणत तिनं पूतरेकुलूची ताटली पुढं केली. कागदासारख्या पातळ, तुपातल्या, स्वतःच्या हातच्या.

"साखर आहे मला," बुल्लेम्मा म्हणाल्या.

"साखरेच्या नाहीत हो. गुळाच्या आहेत."

आता नागरत्नमला पदर पुरेना.

सुभाषिणीनं आईकडे एक नजर टाकली आणि ताटली उचलून ती आत निघून गेली. ताक करते म्हणाली.

मंगतायारूनं पट्ट्या काढल्या. बधिर कातडीवर लावायच्या नाहीत, जिथं शुद्ध आहे तिथं लावायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे तिनं काटेकोरपणे पाळलं. दोन्ही पायांना, घोट्याच्या वर, पोटरीच्या कडेनं, बोटानं दाबून ती विचारत गेली, "इथं लागतं? इथं?" आणि बुल्लेम्मा "हो" म्हणाल्या तिथंच पट्टी बसवली. मेलेल्या जागेवर सूड उगवून काय उपयोग?

तिनं चकती फिरवली. एक. दोन.

"काही जाणवतं का?"

"मुंग्या."

तीन. चार. ती स्वतः चारच्या पुढं कधी गेली नव्हती. चारवर तिच्या डोळ्यांना पाणी यायचं.

बुल्लेम्मांनी डोळे मिटले होते. पाचवर पोटरी थरथरू लागली. सहावर पायाचा अंगठा आपोआप वर उचलला गेला, खाली आला, पुन्हा वर. कळसूत्री बाहुलीसारखा.

"अगं बाई, नाचतोय बघा!" नागरत्नम ओरडली. "वदिनांच्या अंगठ्यात देवी आली!"

ओटी हसण्यानं भरून गेली. बुल्लेम्मांचा चेहरा मात्र दुपारच्या कालव्यासारखा. हलला नाही.

सात.

दोन्ही अंगठे नाचू लागले. एका म्हातारीनं टाळ्या वाजवल्या. मंगतायारू विहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली, भात शिजला का ते बघावं तशी. ओठ हलले नाहीत. श्वास जरा जड झाला असेल, तो खुर्चीच्या करकरण्यात विरला.

"पाय मेलेत गं बाईचे," कुणीतरी कुजबुजलं, आणि हसण्यातली हवा गेली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकदोघींनी तर चक् चक् केलं. हे मंगतायारूला अजिबात नको होतं. दया दाखवायला का बोलावलं होतं यांना?

ती उठली आणि तरातरा आत गेली. सुभाषिणी रवी घुसळत होती.

"तुझ्या सासूचे पाय आहेत का केळीचे खुंट? सातवर नेलं. सातवर! हूं नाही की चूं नाही."

रवी थांबली.

"किती?"

"सात."

"अम्मा, वेडी आहेस का तू? घरी दोनवर किंचाळतात त्या. शेजारचे धावत येतात."

"घरी? घरी कुठलं मशीन?"

सुभाषिणीनं हात पदराला पुसले. मग पुन्हा पुसले.

"यांनी आणलंय ना. संक्रांतीलाच. तुझ्यापेक्षा चांगलं आहे, चार तारांचं."

मंगतायारूला काही क्षण दोन गोष्टींतली कुठली जास्त लागली ते कळेना.

"मग इथं कशाला आणलंस त्यांना? आणि मला आधी नाही सांगायचं?"

"मी कशाला आणीन? त्यांनीच धोशा लावला. तुला सांगायचं नाही म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली. मी विचारलं, अत्तय्या, तिथं कशासाठी? तर म्हणाल्या, आपल्या घरी कोण बघायला येतंय?" सुभाषिणीनं ताकात मीठ टाकलं. ते ती आधीच टाकून झाली होती. "गेल्या आठवड्यात मला विचारत होत्या, नागरत्नम अजून जिवंत आहे ना म्हणून."

बाहेर नागरत्नम अंगठ्याला ताल धरायला सांगत होती.

मंगतायारू ओटीवर परत आली तेव्हा तिनं पहिल्यांदा विहिणीचे पाय सोडून बाकीचं अंग पाहिलं. कपाळाच्या कडेला, केसांच्या मुळाशी, घाम गोळा झाला होता. डावा हात मांडीवर शांत होता. उजवा हात पदराखाली होता, आणि पदराखालून वेताच्या दांडीची एक काडी उसवून बाहेर आली होती.

ती खाली बसली. पाय पुन्हा मांडीवर घेतला. पोटरी तिच्या हाताखाली मासळीसारखी उसळत होती.

"नागरत्नम, पुरे आता," ती म्हणाली. "घरी जा. तुझ्या गाभण म्हशीला बघ."

"अगं, पण टाचा..."

"म्हशीच्या बघ म्हटलं ना!"

बायका कुरकुरत उठल्या. एकीनं जाताना उरलेल्या पूतरेकुलूंची चौकशी केली. ओटी रिकामी झाली. ताकाचे पेले घेऊन सुभाषिणी उंबऱ्यातच थबकली आणि तशीच मागं फिरली.

बुल्लेम्मांनी डोळे उघडले नाहीत.

"थांबलात का, वदिना?" त्यांनी विचारलं. आवाज धड स्थिर राहिला नाही, तरी त्यातला वरमाईचा ठसका गेला नव्हता. "एवढंच होतं?"

मंगतायारूनं चकतीवर बोट ठेवलं आणि आकडा हळूहळू खाली आणला. पोटरी निवली. अंगठे एकेक करून पडले. पदराखालचा हात सैल झाला, तेव्हा खुर्चीही सुटल्यासारखी करकरली.

दोनवर आणून ती थांबली. विहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बुल्लेम्मांनी एक लांब श्वास सोडला.

मग, जरा विचार करून, मंगतायारूनं आकडा तीनवर ठेवला.