मधला तुकडा

सोफा भिंतीपासून सरकवला तेव्हा मागून केराबरोबर गोळ्या निघाल्या. निरीक्षकांनी चष्मा पुसला आणि त्या तळहातावर घेतल्या. अकरा होत्या. कुत्र्याच्या हृदयाच्या गोळ्या, रोज सकाळी पावात घालून दिलेल्या. गेले अकरा दिवस पाव तेवढा पोटात गेला होता.

"अरे लबाडा," ते म्हणाले.

कुत्र्याचं नावच लबाड होतं, बायकोने ठेवलेलं. तो दाराशी पडून धापा टाकत होता. वयाने टाकत असेल असं निरीक्षकांना आठवडाभर वाटलं होतं. आता ते त्याची साखळी शोधू लागले.

दुकानादुकानांतून वजनंमापं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतरही लोक त्यांना निरीक्षकच म्हणत, आणि त्यांनाही ते चाले. बायको गोळी चीजमध्ये द्यायची आणि त्यावरून रोज वाजायचं. मीठ असतं त्यात, चरबी असते, कुत्र्याचं पोट आहे ते, असं हे सांगत. तिच्यापुढे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चार महिन्यांपूर्वी ती गेली आणि डबीतलं चीज संपल्यावर त्यांनी नवीन आणलं नाही. संसारात जिंकलेलं हे त्यांचं एकमेव भांडण. समोर भांडायला कोणी नव्हतं, म्हणून जिंकलेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लबाडची छाती बराच वेळ ऐकली.

"गोळ्या चुकवून चालणार नाही याला. चीज का बंद केलंत?"

"कुत्र्याला चालतं का ते?"

"बहुतेकांना थोडंसं चालतं. साधं हवं, कांदा-लसूण घातलेलं अजिबात नको. याचं हृदय नाजूक आहे, म्हणून कमी मिठाचं आणि नखाएवढंच. पोट बिघडलं तर मला सांगा."

"नखाएवढं म्हणजे किती ग्रॅम?"

बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. "तुमच्या करंगळीचं नख धरा."

त्यांनी फ्रिजमधून तुकडा काढून दिला. निरीक्षकांनी त्यात गोळी नीट दाबली आणि लबाडपुढे धरली. लबाडने चीज चाटून पुसून खाल्लं आणि गोळी त्यांच्या बुटावर ठेवली.

"एकच देता म्हणून," बाई म्हणाल्या. "तीन करायचे. पहिला नुसताच, म्हणजे त्याचा विश्वास बसतो. दुसऱ्यात गोळी. आणि तो तोंडात जायच्या आत तिसरा नाकापुढे धरायचा. तिसऱ्याच्या नादात दुसरा न चावता गिळतो. करंगळीच्या नखातच तिन्ही बसवा. हे मला तुमच्या मिसेसनीच शिकवलं. आता मी सगळ्यांना सांगते."

त्यांनी तसं केलं. गोळी कुठे गेली ते लबाडला कळलंही नाही.

घरी येताना कोपऱ्यावर लबाड दम खायला थांबला. निरीक्षकही थांबले, आणि त्यांना मागच्या वर्षीची ती संध्याकाळ आठवली. कपड्यांच्या घड्या घालत बायको म्हणाली होती, "लेक सुट्टीत येतेय. माझा रिपोर्ट आलाय, गाठ आहे म्हणतात. आणि अहो, तुमचा चष्मा सापडला, कपाटामागे पडला होता."

"कपाटामागे कसा गेला?" त्यांनी विचारलं होतं. मग लेक किती दिवस राहणार, हेही विचारलं होतं. मधल्याबद्दल आठ दिवस काही विचारलं नाही. तिनेही पुन्हा काढलं नाही.

त्यांना भर रस्त्यात लाज वाटली. जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूतली खोट काढणारा माणूस, आणि घरात एवढं सांगितलेलं ऐकू आलं नाही. लबाडने साखळी ओढली तेव्हा ते चालू लागले.

रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती दूर होती, कामात असायची, पण दर रविवारी न चुकता खुशाली विचारायची. हे दर रविवारी "सगळं ठीक" म्हणायचे आणि हवापाण्यावर यायचे. बशीत तीन तुकडे होते. समोर लबाड बसला होता.

"कसे आहात बाबा?"

"लबाड गोळ्या घ्यायला लागलाय," ते म्हणाले. पहिला तुकडा दिला.

"वा. शहाणा झाला म्हणायचा."

"मला करमत नाही गं इथे. दोन-दोन दिवस कोणाशी बोलणंच होत नाही." आणि मग, श्वासही न घेता, "कमी मिठाचं चीज नाक्यावरच मिळालं बघ. चांगलं ताजं आहे. तो दुकानदार म्हणाला, रोज येतं."

फोन तुटला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून काढून पाहिला. लबाडची नजर बशीवरून हलत नव्हती.

"बाबा," लेक म्हणाली. "चीजचं राहू द्या. मधलं परत सांगा."